बेस अ‍ॅम्पचा स्पीकर उडाला? नवा घेण्याआधी हे तपासा

बेस गिटारच्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पमधून खरखर येऊ लागली, तर अ‍ॅम्प मोडीत काढण्याची घाई नको. अनेकदा फक्त स्पीकर बदलून काम भागते.

दोष कुठे आहे?
अ‍ॅम्पला हेडफोन लावा. आवाज स्वच्छ असेल, तर बिघाड बहुधा स्पीकरचाच. प्लग काढून, स्पीकरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. आकडाच आला नाही, तर आतली कॉइल तुटली आहे.

नवा कोणता घ्यावा?
आकार आणि ओहम जुन्याइतकेच हवेत. ८ ओहमच्या जागी ४ ओहमचा लावल्यास जास्त करंट ओढला जाऊन अ‍ॅम्पच जळू शकतो. वॅट अ‍ॅम्पइतके किंवा जास्त असावेत.

गिटारचा स्पीकर चालेल का?
नाही. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते, चार तारांच्या बेसची ४१ हर्ट्झला. इतक्या खालच्या सुरासाठी कोन बराच पुढे-मागे हलतो. गिटारच्या स्पीकरला ते झेपत नाही, तो पुन्हा उडतो.

बसवताना कडेला फट ठेवू नका. हवा गळली की बेस पातळ वाजतो.