कारभाऱ्यांनो, आधी सभेची वेळ बदला!

शेतकरी बंधूंनो, आज माझीच एक चूक सांगून सुरुवात करतो.

कृषी विस्ताराच्या कामात मी गावोगाव चावडीवर पुष्कळ सभा घेतल्या. वेळ ठरलेली, रात्री आठची. एके वर्षी सोयाबीनच्या पेरणीआधी बीजप्रक्रिया समजावून दिली. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या तोंडावर, जिवाणू संवर्धक, दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम. बी सावलीत सुकवावे. पुरुष मंडळींनी माना डोलावल्या.

पेरणीनंतर महिन्याने एका शेतात झाडे उपटून पाहिली, तर मुळांवर गाठी नावालाच. घरच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, बी मीच चोळलं. ह्यांनी पुड्या आणून दिल्या, मी एकत्रच कालवल्या. आधी कोणती आन् मागून कोणती, हे मला कोणी सांगितलंच न्हाई."

बुरशीनाशकात कालवलेले जिवाणू जगणार कसे? दोष त्या बाईंचा नव्हता. जिच्या हाती काम, तिला मी बोलावलेच नव्हते. आठ वाजता ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

तेव्हापासून सभेची वेळ मी बायकांना विचारून ठरवू लागलो. कधी दुपारी देवळात, कधी जेवणाच्या सुट्टीत बांधावर. सरपंच, सोसायटीचे चेअरमन यांनीही एवढे करावे. आणि घरच्या कारभाऱ्याने त्या दिवशी जनावरांची वैरण आपण पाहावी, म्हणजे तिला निवांत बसता येईल.

नाव कागदावर हवे

शेत हेच आपल्या घरच्या बाईचे कामाचे ठिकाण. खुरपणी, वेचणी, मळणी, गोठा, सगळीकडे तिचा हात. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील दर शंभर वहितीदारांत स्त्रिया सुमारे चौदाच निघाल्या. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून सोसायटीचे पीककर्ज तिच्या नावे मिळत नाही. धनी अचानक गेला, तर वारसनोंदीसाठी तिने हेलपाटे घालायचे.

१९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे मोठे महिला अधिवेशन भरले. पुढे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि अनेक गावांतील पुरुषांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. नवऱ्याने अर्ज देऊन पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट शासनानेही १९९२ साली मोकळी केली. काही जण म्हणतात, "नाव लावलं तर उद्या डोक्यावर बसेल." बंधूंनो, जी वीस वर्षे तुमच्या खांद्याला खांदा लावून राबली, तिच्याविषयी ही शंका शोभते का? तलाठ्याकडे चौकशी करा आणि गावच्या पुढाऱ्यांनी पहिला अर्ज स्वतःचा द्यावा. पुढाऱ्याने केले की गाव करते.

दुधाचा पैसा कोणाच्या हाती?

धार ती काढते, डेअरीचे पुस्तक मात्र त्याच्या नावे. दूध संस्थेच्या चेअरमन-सचिवांनी जी गोठा सांभाळते तिला सभासद करून घ्यावे आणि बिल तिच्याच बँक खात्यात जमा करावे. पैसा हाती आला की पेंड कोणती, म्हैस विकायची की ठेवायची, यातही तिचा शब्द चालू लागतो.

खुर्ची तिची, शब्दही तिचा

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. तरी कित्येक ठिकाणी सरपंच बाई आणि कारभार यजमानांचा! यजमानांना मदत करायचीच असेल, तर आदल्या रात्री दोघांनी मिळून सभेचे कागद वाचावेत. सभेच्या दिवशी मात्र त्यांनी दाराबाहेर राहावे. पहिल्या सभेत ती अडखळेल. आपणही अडखळलोच होतो की!

बीजप्रक्रियेची ती गोष्ट मात्र तिथे संपली नाही. पुढच्या वर्षी सभा दुपारी घेतली. त्याच बाईंनी घमेल्यात बी घेऊन आळीतल्या बायकांना कोणती पुडी आधी, कोणती शेवटी, हे स्वतः करून दाखवले. त्यांचे यजमान शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभे होते. त्या हंगामात त्यांच्या शेतात मुळांवर गाठी भरपूर धरल्या.

यंदा आपल्या गावची सभा केव्हा घ्यायची, हे आज घरी जेवताना मंडळींनाच विचारा.