नोंद नसलेला पाऊस आणि ‘एल्स’

एसक्यूएलमधील ‘केस’ ही रचना अटी वरून खाली तपासते, पहिली खरी ठरलेली अट निवडते आणि एकही खरी न ठरल्यास ‘एल्स’कडे वळते. गडबड बहुधा इथेच होते.

समजा, जालना जिल्ह्यातील महसूल मंडळांच्या दैनंदिन पावसाचा तक्ता आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. क्वेरीत ‘पाऊस ६५ पेक्षा कमी असेल तर साधारण, एल्स अतिवृष्टी’ असे लिहिले आणि मंठ्यातील एका मंडळाची नोंदच आली नाही, तर तिथे अतिवृष्टी दिसते! रिकाम्या जागेतील ‘नल’ची तुलना खरीही नसते, खोटीही नसते, उत्तर ‘अज्ञात’ येते आणि ओळ थेट ‘एल्स’मध्ये पडते. ‘पाऊस = नल’ ही अटही त्यामुळेच कुचकामी; ‘इज नल’ लिहून ती ‘एल्स’च्या आधी तपासावी लागते. नलऐवजी शून्य भरणे सोपे, पण घातक: कोरडा दिवस आणि हरवलेली नोंद एकच होऊन बसतात.

एवढे करूनही उत्तर चुकले, तर स्तंभाचा प्रकार पाहावा. आकडे मजकूर म्हणून साठवले असतील आणि तुलनेतला ६५ही अवतरणात असेल, तर अक्षरक्रमाने ‘११२’ हा ‘६५’पेक्षा लहान ठरतो.