हार कोणाच्या माथी?

श्रोतेहो, केनवडच्या पारावर हरलेल्या कबड्डी सामन्याची चर्चा निघाली, की दोष बहुधा चढाई करणाऱ्या पोराच्या माथी जातो. पण पुष्कळदा दुखणे बचावात असते.

सात गडी उभे राहतात, त्यात दोन टोकांचे कोपरारक्षक महत्त्वाचे. कोपऱ्याने घोटा धरावा, शेजाऱ्यांनी लगेच घेरावे, अशी ही रचना. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांच्या डाव्या कोपऱ्यावर इराणचा महंमदरेझा शाडलूई होता.

मग उणीव कुठे? बळ असते तिथेच! मैदानात सहा-सात गडी असले, की चढाईवाला बोनस रेषेकडे पाय टाकून कोपऱ्याला भुलवतो. कोपरा एकटाच झेपावतो, साखळी मागे राहते. कोपरा बाद झाला, की ती बाजू उघडी पडते. घाबरून कोणीही झडप घालतो आणि एकामागून एक गडी जातात. शेवटी लोण!

शिक्षकबंधूंनो, एवढे करा. सरावात मुद्दाम कोपरा बाहेर बसवा. उरलेल्या पाच-सहा जणांना जागा बदलून, हात न सोडता उभे राहायला शिकवा. आणि सामना हरलात, तर चढाईवाल्या पोराला बोल लावण्याआधी साखळी कुठे तुटली ते फळ्यावर काढून दाखवा.