कमी वजनाचे बाळ आणि आईची ऊब

राजुऱ्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट अंगाला चांगलीच झोंबते. अशा दिवसांत घरात दोन किलोचे बाळ जन्मले, की नानी-दादी त्याला गोधडीत गुंडाळतात, जवळ शेगडी ठेवतात आणि दुआ करतात. मायेत काही कमी नसते. पण गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली फक्त धरून ठेवते. लहानग्याच्या अंगात तीच कमी असते. शेगडीचा धूर त्याच्या श्वासाला बाधतो, ते वेगळेच.

मग ऊब आणायची कुठून? आईच्या छातीतून.

२०२१ साली भारत आणि आफ्रिकेतील चार देशांच्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक ते १.८ किलोच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवले गेले. आईची खाट बाळाच्याच कक्षात आली आणि परिचारिका दोघांची काळजी घेऊ लागल्या. बाळांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले.

घरच्या काळजीचे मोल तर आपल्या शेजारच्या गडचिरोलीने आधीच दाखवले होते. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात त्यामागे हेच काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. चिल्ला सुरू आहे म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.

बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घाला. आईच्या छातीवर उभे, मान एका बाजूला वळवून, नाक-तोंड मोकळे ठेवून ओढणीने बांधा. वरून चादर घ्या. जितके जास्त तास, तितके चांगले. आई थकली तर अब्बा किंवा नानीनेही घ्यावे. अजानही बाळ छातीशी असतानाच कानात देता येते. पहिले पिवळसर दूध फेकू नका. मध, घुटी देऊ नका. अकीक्यात केस काढले तर लगेच टोपी घाला, कारण डोक्यातून ऊब झपाट्याने जाते.

बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड किंवा तापलेले असेल, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा झटके येत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि वाटेतही बाळाला छातीशीच ठेवा.

दुआ तर करायचीच. सोबत ही ऊबही द्यायची.