आरमधून मंडईचे भाव: एपीआय की ठेवायची कुठे?

शहागंजच्या मंडईत टोमॅटोचा भाव ऐकला की "जाधववाडीत होलसेल काय निघालाय?" असं वाटतंच ना? बाजार समित्यांचे रोजचे भाव ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी पोर्टलवर एपीआयने मिळतात, क्विंटलमागे रुपयांत. तिथली नमुना की सगळ्यांना एकच आणि एका वेळी १०च नोंदी देते. म्हणून नोंदणी करून ‘माय अकाउंट’मधून स्वतःची की घ्या.

पण ती थेट आरच्या स्क्रिप्टमध्ये चिकटवू नका. की म्हणजे पासवर्डच. स्क्रिप्ट गिटहबवर गेली की तीही गेली, आणि नंतर ओळ खोडली तरी जुन्या कमिटमध्ये दिसतेच.

त्यापेक्षा आरस्टुडिओत ‘युजदिस’ पॅकेजचं ‘एडिट आर एन्व्हायरन’ फंक्शन चालवा. जी फाइल उघडेल, तिच्यात एका ओळीत नाव, बरोबरचं चिन्ह आणि की लिहा. शेवटी एंटर मारा, नाहीतर आर ती ओळ गुपचूप गाळू शकतं (इथे भलेभले अडकतात). सेव्ह करून आर रीस्टार्ट करा. मग स्क्रिप्टमध्ये फक्त ‘सिस डॉट गेटएन्व्ह’ला ते नाव द्यायचं. उत्तर रिकामं आलं, तर बहुतेक रीस्टार्ट राहिलाय. फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये असेल, तर तिचं नाव गिटइग्नोरमध्येही टाका.