किलकू खेड्याचें फुटबॉल मंडळ

आयर्लंडच्या ईशान्य कोपऱ्यांत, ब्रिटिश राज्याकडे राहिलेल्या भागांत, डाऊन नांवाचा परगणा आहे. त्याच्या दक्षिणेस मोर्न डोंगर असून त्यांच्या पायथ्याशीं किलकू हें लहानसें खेडें वसलें आहे. शेतें लहान लहान तुकड्यांचीं, सभोंवार चुन्यावांचून रचलेले दगडी गडगे, आणि उतारावर मेंढरें, असा तेथील देखावा. जवळच एक तलाव आहे. एकोणिसाव्या शतकांत त्यास बांध घालून पाणी वाढविण्यांत आलें. परंतु तें किलकूच्या शेतांकरितां नव्हे, तर खालच्या अंगास बॅन नदीवर चालणाऱ्या गिरण्यांकरितां. आमच्या वाचकांस ही तऱ्हा नवीन वाटूं नये. ह्या खेड्याच्या मंडळानें २०२२ सालीं सर्व आयर्लंडचें अजिंक्यपद मिळविलें, त्याची हकीकत येथें देत आहों.

गेलिक फुटबॉल म्हणजे आपल्या शाळांतून खेळतात तो फुटबॉल नव्हे. येथें चेंडू हातीं धरतां येतो. मात्र चार पावलांपलीकडे न्यावयाचा तर तो जमिनीवर आपटावा लागतो, अगर पायानें हलकेच उडवून पुन्हां झेलावा लागतो. प्रत्येक पक्षाकडे १५ गडी. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यांत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण; दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर एक गुण. पुढें वर्णिलेल्या सामन्यांच्या वेळीं हिशेब असा होता.

हा खेळ चालविणारी गेलिक अथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजीं थर्ल्स गांवच्या एका हॉटेलांत मायकेल क्यूसॅक, मॉरिस डॅव्हिन प्रभृति थोड्या मंडळींनीं स्थापिली. तो काळ आयरिश कुळें व जमीनदार यांच्या झगड्याचा होता. १८७९ सालीं निघालेल्या लँड लीगचे पुढारी डॅव्हिट व पार्नेल हेच ह्या संस्थेचेहि आश्रयदाते झाले, आणि ती खेड्यापाड्यांतून पसरली. तिचा पाया म्हणजे पॅरिश, अर्थात् एका देवळाच्या हद्दींतील वस्ती. मुलगा ज्या पॅरिशींतला, तिच्याच मंडळाकडून त्यानें खेळावें, हा सामान्य दंडक. वेतन कोणासच नाहीं, आणि मोबदला देऊन बाहेरचा गडी आणण्याची चाल नाहीं. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर, आपल्या वावरांत जें पिकेल त्यावरच भागवावयाचें.

ह्यामुळें खेड्यांतील मंडळास प्रतिपक्षापेक्षां दुसरेंच भय अधिक. मुलगा बेलफास्ट, लंडन किंवा ऑस्ट्रेलिया येथें पोटासाठीं गेला, कीं घरचा एक हात कमी होतो तसा मंडळाचा एक गडी कमी होतो. गडी पुरत नाहींत म्हणून शेजारच्या पॅरिशीशीं मिळून संघ उतरविण्याची पाळी अलीकडे आयर्लंडांतील कित्येक खेड्यांवर आली आहे.

किलकूचें मंडळ १९०६ सालचें. सतराव्या शतकांतील आयरिश सेनानी ओवेन रो ओनील याचें नांव त्यास दिलेलें आहे. गड्यांचा पोशाख काळापांढरा, आपल्या दयाळ पक्ष्यासारखा. प्रारंभींच्या काळांत मंडळानें डाऊन परगण्याचें अजिंक्यपद अनेकदां जिंकलें; १९३७ सालीं जिंकलें तें मात्र पुष्कळ काळ शेवटचें ठरलें. पुढें ७२ वर्षें कांहीं नाहीं! त्याच अवधींत डाऊन परगण्याच्या संघानें अखिल आयर्लंडचा सॅम मॅग्वायर चषक पांच वेळां मिळविला, आणि १९६० सालीं तर हा चषक सरहद्दीच्या उत्तरेस प्रथम नेला तो डाऊननेंच. परगण्यांत उत्सव होत असतां किलकूची झोळी रिकामी. आजोबांनीं पाहिलेला विजय नातवानें केवळ ऐकावयाचा, अशी स्थिति झाली. तरी मंडळ मोडलें नाहीं, हीच ह्या इतिहासांतील मोठी गोष्ट असें आम्हांस वाटतें. चषकांच्या यादींत ती सांपडत नाहीं.

२००९ सालीं परगण्याचें अजिंक्यपद परत आलें. मग २०१२ ते २०१७ सलग सहा वर्षें तें किलकूकडेच राहिलें. २०१९ सालीं अल्स्टर प्रांतहि प्रथमच जिंकला. जानेवारी २०२० मध्यें डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर गॉलवे परगण्यांतील कोरोफिन मंडळाशीं अंतिम सामना झाला. ठरलेल्या वेळेअखेर दोन्ही पक्ष सात सात गुणांवर बरोबरींत. परंतु जादा वेळांत किलकूस एकहि गुण मिळाला नाहीं. नंतर सांथीमुळें एक वर्ष ही स्पर्धाच भरली नाहीं.

१२ फेब्रुवारी २०२२ रोजीं किलकू पुन्हां त्याच मैदानावर उभें राहिलें. समोर डब्लिनच्या उपनगरांतील किलमॅकड क्रोक्स, हजारोंनीं सभासद असलेलें मंडळ. किलकूचे मार्गदर्शक मिकी मोरन यांनीं मंडळांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेचे तीन अंतिम सामने याआधीं हरलेले. २०१५ व २०१७ सालीं स्लॉटनील मंडळाकडून, आणि २०२० सालीं किलकूकडून. ह्याहि सामन्यास जादा वेळ लागला. तोहि संपत आला, आणि किलकू दोन गुणांनीं मागें. इतक्यांत जेरोम जॉन्स्टन यानें चेंडू जाळ्यांत घातला. किलकू दोन गोल व आठ गुण, म्हणजे चौदा, क्रोक्स तेरा.

त्याच वर्षीं डिसेंबरांत अल्स्टरच्या अंतिम सामन्यांत डेरी परगण्यांतील ग्लेन मंडळानें किलकूस हरविलें.