कोण वाजवतंय?

जॅझच्या शौकिनाच्या हाती जुनी ७८ आरपीएमची तबकडी द्या. तो ती लगेच लावणार नाही. आधी उजेडाकडे तिरपी धरेल. शेवटचं वळण संपतं तिथपासून मधल्या लेबलापर्यंत काळी गुळगुळीत पट्टी उरते. तिच्यावर बारीक आकडे उमटलेले असतात, ते तो वाचेल. लेबलवर छापलेला क्रमांक दुकानदाराच्या सोयीचा. पट्टीवरचा मॅट्रिक्स क्रमांक मात्र त्या ध्वनिमुद्रणाचा असतो. ते कधी, कुठे, कोणत्या बैठकीत झालं याचा माग त्यावरून लागतो. पुष्कळदा त्याच्यापुढे आणखी एक छोटा आकडा असतो. तीच चाल त्याच बैठकीत पुन्हा पुन्हा वाजवली, त्यातली ही कितवी खेप, हे तो सांगतो. जॅझमध्ये या आकड्याला फार किंमत आहे. वादक दर खेपेला सुचेल तसं नवं वाजवतो, त्यामुळे एकाच चालीच्या दोन खेपा म्हणजे दोन वेगळी वादनं.

बाहेरून पाहणाऱ्याला ही साठवणूक वाटते. मला या छंदात सगळ्यात मोलाची वाटते ती त्यामागची चौकशी: हे कोण वाजवतंय?

ही चौकशी विद्वानांनी नव्हे, शौकिनांनी सुरू केली. १९३६ साली पॅरिसमध्ये शार्ल दलोने या पंचविशीतल्या तरुणाने ‘हॉट डिस्कोग्राफी’ हे पुस्तक काढलं. आईवडील, सोनिया आणि रोबेर दलोने, दोघेही नामांकित चित्रकार. पोराला वेड जॅझचं. लेबलवर सहसा बँडमास्तरचं नाव असे. ट्रंपेट कोणाचा, क्लॅरिनेट कोणाची, ड्रमवर कोण, हे कोणी छापत नसे. दलोनेने ते एकेका तबकडीनिशी मांडायचा घाट घातला. पुढे इंग्लंडात ब्रायन रस्ट या बीबीसीच्या रेकॉर्ड संग्रहालयातल्या माणसाने तेच काम आयुष्यभर केलं. कंपन्यांच्या नोंदवह्या, म्हाताऱ्या वादकांना घातलेली पत्रं, आणि या दोन्हींनी हात टेकले की स्वतःचे कान. सूर लावायच्या ढबीवरून ते माणूस ओळखत.

ड्यूक एलिंग्टनची ‘टेक द ए ट्रेन’ ही १५ फेब्रुवारी १९४१ ला व्हिक्टर कंपनीने भरलेली तबकडी घ्या. लेबल म्हणतं, ड्यूक एलिंग्टन आणि त्याचा ऑर्केस्ट्रा. चाल मात्र बिली स्ट्रेहॉर्नची. त्या सुमारास रचनाकारांची संस्था आणि अमेरिकेतली रेडिओ केंद्रं यांच्यात मानधनावरून तंटा पेटला होता, त्यामुळे त्या संस्थेचा सभासद असलेल्या एलिंग्टनच्या स्वतःच्या रचना रेडिओवर लागेनात. गरजेपोटी स्ट्रेहॉर्नच्या चाली पुढे आल्या आणि ही तर बँडची ओळखच होऊन बसली. मधला ट्रंपेट रे नान्सचा. कूटी विल्यम्ससारखा खंदा वादक १९४० च्या अखेरीस बेनी गुडमनकडे निघून गेला, त्याच्या रिकाम्या खुर्चीवर नान्स येऊन जेमतेम काही महिने झाले होते. तरी त्याने असं वाजवलं की पुढच्या ट्रंपेटवाल्यांनाही ती वाट टाळता आली नाही. हे सगळं ठाऊक नसलं तरी तबकडी सुंदरच वाजते. ठाऊक झालं की पंधरा जणांच्या त्या गजरात एक नवखा माणूस उभा राहिलेला ऐकू येतो.

यवतमाळात बसून हे कुठून कळणार, असं कोणी विचारेल. आमच्या पिढीच्या शौकिनांना हे शॉर्टवेव्हने दिलं. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर जॅझ ऐकवायचा. कार्यक्रमाची धून तीच, ‘ए ट्रेन’. आवाज धीरगंभीर आणि बोलणं सावकाश, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यालाही शब्द न् शब्द कळावा असं. स्टेशन मध्येच बुडायचं, खरखरीतून पुन्हा वर यायचं. कोनोव्हर वादकांची नावं नेमाने सांगायचा, आणि आम्ही ती कानाला लागतील तशी देवनागरीत वहीवर उतरवायचो. पितळी वाद्यं आमच्या कानांना परकी नव्हतीच. वरातीपुढच्या बँडने ट्रंपेट आणि क्लॅरिनेटची सवय लहानपणीच लावलेली असते. एलिंग्टन ऐकताना पहिला धक्का बसला तो याच वाद्यांना इतकं हळू बोलता येतं याचा.

जॅझ तोवर आपल्या दाराशी येऊनही गेला होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्याच ताफ्यातल्या क्रिकेट स्मिथ या ट्रंपेटवाल्याने पुढे स्वतःचा बँड उभारला आणि १९३६ मध्ये मुंबईत रेक्स लेबलसाठी तबकड्या भरल्या. त्यातली एक मेना सायलस यांनी रचलेली ‘ताजमहाल’. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ च्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकाचं नाव तिच्यावरून आलं. मुंबईच्या जॅझवर त्याच्या तोडीचं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

पियानोवादक टेडी वेदरफोर्डची कहाणी तर चटका लावते. १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या बँडमध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने तबकड्या भरणारा हा माणूस त्याच वर्षी आशियाकडे निघाला. शांघायमध्ये रमला, मग मुंबई, मग कलकत्ता. युद्धकाळात कोलंबियासाठी त्याने कलकत्त्यात पुष्कळ तबकड्या भरल्या. ब्रह्मदेशातून आलेले रूबेन सॉलोमन आणि सेड्रिक वेस्ट यांच्यासारखे वादक तेव्हा कलकत्त्यातच वाजवत होते. १९४५ च्या एप्रिलमध्ये पटकीने त्याला नेलं. वय ४१. तो अमेरिकेत राहता तर त्याचं नाव किती मोठं झालं असतं, याचे अंदाज जॅझवाले आजही बांधतात. अंदाज बांधायला आधार काय, तर या तबकड्या. कोणीतरी त्या जपल्या, एवढंच.

यापुढे हा छंद थेट आपल्या घरात शिरतो. हॉटेलांतला हा बाज गोव्याच्या वादकांनी सिनेमाच्या स्टुडिओत नेला. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणून गाजलेले. सी. रामचंद्रांनी त्यांना हाताशी धरलं आणि १९५१ चा ‘अलबेला’ झाला. पुणतांब्याचा संगीतकार, शेजारच्या अमरावतीत जन्मलेले भगवानदादा नाचायला, आणि पितळी वाद्यांवर गोवा. ‘शोला जो भडके’ आजही गावोगावच्या स्नेहसंमेलनात वाजतं. पण त्याच्या मूळ तबकडीच्या लेबलवर चिक चॉकलेट शोधू नका. ते तिथे नाहीत.

लेबलांची ही कंजुषी जुनी आहे. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं भरलं, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात; तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून गाणं संपल्यावर ती स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची. सारंगीवाल्याला तीही सोय नव्हती. ‘महल’ने १९४९ मध्ये तर कडेलोट केला. ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव! जिथे लता मंगेशकरांची ही गत, तिथे चौथ्या रांगेतल्या सॅक्सोफोनवाल्याला कोण विचारतो?

ज्यांनी विचारलं ते पुन्हा बहुतेक शौकीनच. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ घडवला. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था उभी राहिली. तिचा भार वाहणारे डॉ. सुरेश चांदवणकर पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. जॅझपुरतं बोलायचं तर निरंजन झवेरींनी १९५२ मध्ये ‘ब्लू ऱ्हिदम’ नावाचं मासिक काढलं आणि १९७८ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरवली. स्टुडिओतल्या वादकांना नावानिशी गाठून बोलतं करण्याचं काम न्यूझीलंडच्या ग्रेगरी बूथ यांनी केलं. त्यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ २००८ चं. त्याआधी त्यांनी आपल्या लग्नाच्या बँडवाल्यांवरही आख्खं पुस्तक लिहिलं होतं. ते काम आपल्यापैकी कोणी आधी का केलं नाही, याची मला मनापासून खंत आहे.

त्या तबकड्यांत आपल्या मुलखाचंही काही आहे. ७८ ची तबकडी बांधली जाते ती लाखेने. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर यांवर पोसला जातो. यवतमाळ जिल्ह्यात पळस हवा तेवढा. लाख मात्र पूर्व विदर्भातल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांत आणि त्याहून कितीतरी जास्त छोटा नागपुरात निघते. जगभरच्या कारखान्यांना ती मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर कडक मर्यादा घातली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून तिथल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. बिग बँडचा भर ओसरायला ही दोन कारणंही हातभार लावून गेली.

लाखेची म्हणूनच ही तबकडी स्पिरिटने कधी पुसायची नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचा जागच्या जागी मिटतात. उकळून गार केलेल्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, आणि पुसायचं ते खाचांच्या वळणाने. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवाल तर तबकडी वाकलीच समजा. ती उभी ठेवायची, एकीवर एक रचायची नाही.

दारव्हा, पुसद, वणी, उमरखेडच्या वाड्यांत अजून तबकड्यांच्या पेट्या आहेत. भाव किती येईल, हे आधी विचारलं जातं. भाव फारसा येत नाही. त्याऐवजी एक वही घ्या. लेबलवरचा क्रमांक, पट्टीवरचा क्रमांक आणि त्यापुढचा छोटा आकडा आहे तसा उतरवा. मग घरातल्या सगळ्यात वृद्ध माणसाजवळ बसा आणि विचारा: पेटीवर कोण, तबल्यावर कोण, क्लॅरिनेट कोणाची? जे नाव सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा आणि सांगणाऱ्याचंही नाव खाली घाला.